वन्संचा डबा आणि टॉवेलांची ट्रेडमिल

नमस्कार सर,

मी ४३ वर्षांची, राजारामपुरीत राहते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. धाकट्याच्या वेळी वाढलेलं वजन पुन्हा उतरलंच नाही. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांनी (शिरोलीला फौंड्रीत आहेत) हप्त्यावर ट्रेडमिल आणली. महिनाभर चालले, आता तिच्यावर टॉवेल वाळतात. मग मी मोबाइलवर बघून घाम काढणारा कंबरपट्टा मागवला, तोही कपाटात गेला. गेल्या महिन्यात माझ्या मोठ्या नणंदबाई इचलकरंजीहून आल्या. त्या एका कंपनीचे शेकचे डबे विकतात, सकाळी त्यांचा 'क्लब' असतो. त्यांचं तीन महिन्यांत सात किलो उतरलंय, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मला १८ हजारांचा तीन महिन्यांचा कोर्स घे म्हणतात. एक डबा तर ठेवूनच गेल्या, 'पैसे मागाहून दे' म्हणाल्या. शिवाय रोज रीलमध्ये आयुर्वेदिक थेंबांची जाहिरात येते, १५ दिवसांत १० किलो म्हणे. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, पैठणीवरचा ब्लाउज शिवायला टाकायचाय. यातलं खरं काय आणि खोटं काय? आणि वन्संना नाही कसं म्हणू?

– एक वहिनी, राजारामपुरी

ताई,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. १८ हजार देऊ नका. थेंब तर कुणी फुकट दिले तरी तोंडात घालू नका. ट्रेडमिल मात्र लगेच विकायला काढू नका, तिच्याबद्दल वेगळं बोलायचं आहे.

हे सांगणारा मी काही फार शहाणा नाही, हेही आधीच कबूल करतो. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, लहानपण तालमीच्या तांबड्या मातीत गेलं, शरीर कशानं बनतं आणि कशानं सुटतं हे मला जाहिरातीतून कळायची गरज नव्हती. तरी १९९८ साली मी फसलो. त्या वेळी रात्री अकरानंतर टीव्हीवर गोरी माणसं हिंदीतून बोलायची. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. कंबरेला पट्टा अडकवायचा, बटण दाबायचं, मशीन पोट थरथरवणार आणि चरबी वितळणार. मी फोन लावला. हिनं विचारलं, "पीटीच्या मास्तराला मशीन कशाला?" मी म्हणालो, "तुझ्यासाठी." हे वाक्य मला आजही महिन्यातून एकदा ऐकवलं जातं.

मशीन चालू केलं की भांड्यांच्या मांडणीपासून सगळं घर थरथरायचं, खालचे बिऱ्हाडकरू वर येऊन विचारपूस करायचे. थरथरण्याचं सगळं काम मशीन करत होतं, आम्ही नुसते उभे. तीस दिवसांत पैसे परत अशी हमी होती. पण परत पाठवायला मूळ खोकं पाहिजे होतं, आणि खोक्यात तोवर गणपतीचं मखर जाऊन बसलं होतं. पाठवणीचा खर्चही आपणच करायचा. पैसे परत करायची वेळ फारशी येणार नाही, हे त्या हमीवाल्याला आमच्या आधी माहीत होतं.

मला सगळं कळत असून मी का घेतलं, याचा पुष्कळ विचार केलाय. पैसे भरले त्या रात्री झोप फार छान लागली होती. आपण पोटाचं काहीतरी केलं, हे समाधान मशीन घरी यायच्या आधीच मिळालं होतं. तुमच्या मिस्टरांनाही पहिला हप्ता भरताना असंच हलकं वाटलं असणार. विकणारा विकतो ते हे हलकेपण. वजनाचं पुढचं पुढं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. जाहिरात कुठलीही असो, तिच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: 'योग्य आहार आणि नियमित व्यायामासोबत घेतल्यास.' ती ओळ शोधायची आणि वजाबाकी मांडायची. नुसत्या आहारानं आणि व्यायामानं जेवढं वजन उतरतं, ते एकूण उतरलेल्या वजनातून वजा करायचं. खाली जे उरेल तेवढंच त्या डब्याचं.

ही वजाबाकी शास्त्रज्ञांनी रीतसर करून ठेवली आहे. आपल्या आमसुलाच्या कुळातलं एक फळ आहे, मलबारी चिंच म्हणतात. त्याच्या सालीतल्या आम्लाच्या गोळ्या 'गार्सिनिया' नावानं चरबी जाळणाऱ्या म्हणून जगभर खपतात. १९९८ साली, म्हणजे मी मशीन घेतलं त्याच वर्षी, अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची चाचणी छापून आली. १३५ जाड माणसं घेतली, सगळ्यांना कमी कॅलरीचा एकच आहार दिला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला कुठली, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. बारा आठवड्यांनी खऱ्या गोळीवाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं होतं आणि रिकाम्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो. हा फरक योगायोगाचा म्हणावा इतकाच होता, पण गोळीच्या वाट्याला काही उरलं नाही हे स्पष्ट झालं. आता त्यातल्या खरी गोळी खाल्लेल्या माणसाला विचारलं असतं तर तो शपथेवर सांगता, 'मी गोळी घेतली आणि माझं तीन किलो उतरलं.' आणि ते खोटंही नसतं!

तुमच्या वन्संचंही असंच आहे. त्या खोटं बोलत नाहीत. हिशोब बघा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. सात किलोच्या झाल्या ५४ हजारांच्या आसपास, आणि त्या तीन महिन्यांत वाटल्या तर दिवसाला सहाशे. वन्सं सकाळी पोहे नाहीतर उप्पीट आणि दोन कप चहा घेत असतील, रात्री भाकरी, आमटी, वर भात. या दोन जेवणांच्या जागी त्यांनी दोन शेक प्यायले. एका शेकमध्ये दुधासकट दोन-अडीचशे कॅलरी असतात. म्हणजे दिवसाची सहाशेची तूट सहज पडली. ती तूट डब्यातल्या पावडरीनं पाडलेली नाही, न खाल्लेल्या भातानं पाडली आहे. सकाळचा नाश्ता निम्मा करून रात्री एक भाकरी, वाटीभर उसळ आणि ताक घेऊन थांबल्या असत्या तरी आकडा जवळपास तिथंच आला असता, आणि १८ हजार घरात राहिले असते. डबा बंद झाल्यावर जेवण पहिल्यासारखं सुरू झालं की सातही किलो रस्ता विचारत घरी येतात. म्हणून तर तीन महिन्यांनंतर पुढचा 'मेंटेनन्स' कोर्स असतो. त्यांना विचारून बघा, असणारच.

पहिल्या आठवड्यात काटा झपकन दोन किलो खाली येतो, त्यानंही माणूस हुरळतो. शरीरात साखरेचा थोडा साठा असतो, यकृतात आणि स्नायूंत, साधारण अर्धा किलो. दर ग्रॅमबरोबर त्यात सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. चरबी अजून आपल्या जागी शाबूत असते. विकणाऱ्याला हा पहिला आठवडा सोन्याचा, कारण पुढचे पैसे त्याच आठवड्यात भरले जातात.

आता तुमच्या रीलचं गणित. १५ दिवसांत १० किलो म्हणजे ७७ हजार कॅलरी, दिवसाला पाच हजारांवर. तुमच्या अंगमानाची बाई दिवसभरात दोन हजारांच्या आसपास खर्च करते. म्हणजे तुम्ही पंधरा दिवस अन्नाचा कणही न खाता नुसत्या पाण्यावर कडक उपास केला, तरी कागदावर चारच किलो चरबी जाईल, आणि तोवर तुम्हाला दवाखान्यात हलवावं लागेल. उपाशी राहूनही जे होत नाही ते थेंबानं कसं व्हावं? चौथीतल्या पोराला ही बेरीज-वजाबाकी येते. रीलवाल्यालाही येते.

कंबरपट्ट्याचं सांगतो, कारण हा खेळ कोल्हापूरला नवा नाही. कुस्तीचा पैलवान वजनगटात बसण्यासाठी काय करतो? दोन दिवस पाणी तोडतो, अंगावर लोकरीचे नाहीतर प्लास्टिकचे कपडे चढवून पळतो, घामानं दोन-तीन किलो पाडतो, काट्यावर उभा राहतो. वजन झालं की बाहेर येऊन तांब्याभर पाणी ढोसतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं परत अंगावर. आपली चरबी गेली असं कुठल्याच पैलवानाला वाटत नाही. आपण काट्याला फसवतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुमचा पट्टा तेच करतो, फक्त फसतो तो काट्यावर उभा राहणारा. आणि हे नेहमीच बिनधोक असतं असंही नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेजचे पैलवान असं घामानं वजन पाडताना दगावले. तिन्ही घटना साधारण महिन्याभरात. तिथल्या विद्यापीठीय कुस्तीत मग ते रबरी कपडे बंदच करून टाकले.

'फक्त पोटाची चरबी' हा दुसरा फसवा शब्द. चरबी ही बँकेच्या एकाच खात्यातली रक्कम समजा. कुठल्याही शाखेत चेक वटवला तरी पैसे खात्यातूनच जातात, त्या शाखेच्या तिजोरीतून नव्हे. १९७१ साली टेनिसपटूंचे हात मोजले होते. उजव्या हातानं वर्षानुवर्षं रॅकेट फिरवलेली माणसं. खेळायच्या हातात स्नायू जास्त भरले, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला. विजेचे झटके देऊन बसल्या जागी पोटाच्या वड्या पाडणारे पट्टे येतात ना, त्यांच्या तीन विक्रेत्यांना २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं याच दाव्यांवरून कोर्टात खेचलं. (विजेनं स्नायू आखडतो हे खरं आहे. फिजिओथेरपिस्ट ते लुळ्या पडलेल्या स्नायूसाठी वापरतात. पण त्यानं चरबी जात नाही.)

आधीच्या-नंतरच्या फोटोंवर फार लिहीत नाही. माझा एक विद्यार्थी आता जिम चालवतो, तो मला हसत म्हणाला, "सर, पहिल्या फोटोत पोट सोडायचं, तोंड पाडायचं, वरून दिवा. दुसऱ्यात श्वास आत, अंगाला तेल, बाजूनं दिवा. मध्ये चहा प्यायला जायचं."

थेंबांबद्दल मात्र थट्टा करवत नाही. असल्या औषधांत बहुतेक वेळा काहीच नसतं आणि पैसे तेवढे बुडतात. मला भीती वाटते ती काम करणाऱ्या औषधाची. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं एक औषध होतं. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते अमेरिकेत बाजारातून काढून घेतलं आणि २०११ मध्ये भारत सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यानंतरही ते 'हर्बल', 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेल्या वजनाच्या गोळ्यांत लपवलेलं पुन्हापुन्हा सापडलं आहे. वेष्टनावर अर्थात त्याचं नाव नसतं. म्हणून कुणी सांगितलं, 'अहो, त्यानं भूकच लागत नाही, पण रात्री झोप येत नाही, तोंड कोरडं पडतं, छातीत धडधडतं', तर ते औषध लागू पडतंय असं समजू नका. बाटली घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. ग्रीन टीचा अर्क आणि ती आमसुलाच्या कुळातली गोळी, यांनीही काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. आमसुलाचं सार खुशाल प्या. अर्काच्या गोळीची गोष्ट वेगळी.

वजनासाठी खरी औषधं आता निघाली आहेत, आठवड्याला टोचायची इंजेक्शनंही मिळतात. पण ती डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायची असतात, आणि सोडली की वजन बरंचसं परत चढतं. ती रीलमध्ये कुणी 'आजच ऑर्डर करा, फक्त शेवटचे ११ पॅक' म्हणून विकत असेल तर तो कोण आहे हे सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, एवढं खोटं असेल तर सरकार बंद का करत नाही? कायदा आहे, आणि जुना आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत लठ्ठपणाही आहे. म्हणून तर हुशार लोक 'औषध' हा शब्द टाळतात आणि 'सप्लिमेंट' लिहितात, 'लठ्ठपणा बरा होतो' न म्हणता 'वेट मॅनेजमेंट' म्हणतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड ठेवलाय, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरातीत हसणारा नटही त्यातून सुटत नाही. वन्सं तुम्हाला डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर दाखवतील. तो खरा असेल. दुधाच्या पिशवीवरही तसाच नंबर असतो. अन्न म्हणून विकायला परवाना आहे, एवढाच त्याचा अर्थ. असल्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापावं लागतं. चष्मा लावून शोधा, सापडेल.

कंबरपट्ट्याचे पैसे गेले ते गेले म्हणू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवा. पुष्कळ कंपन्या तिथून फोन गेला की नरमतात. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आता ट्रेडमिल. थरथरणाऱ्या मशीनमध्ये आणि तिच्यात फरक एवढाच की हिच्यावर चालायचं तुम्हालाच लागतं. त्यामुळे ती खोटी नाही, तो घरात आणून ठेवलेला रस्ता आहे. तुमच्या वजनाला तासभर बेतानं चाललात तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. पडद्यावर आकडा याहून मोठा दिसला तर त्याच्यावर भुलू नका, आणि दांड्याला लोंबकळून चालत असाल तर आणखी वजा करा. म्हणजे नुसत्या चालण्यानं किलो उतरायला पंचवीस-तीस तास लागतात. हे कुणी जाहिरातीत सांगत नाही, आणि मला वाटतं, तुमच्यासारख्यांची ट्रेडमिल महिन्यात बंद पडते ती आळसानं नाही, या न सांगितलेल्या आकड्यानं पडते. महिनाभर घाम गाळल्यावर काटा एक किलो हलला की माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. काही चुकलं नव्हतं ताई. तो एक किलो खरा होता.

दोन आठवडे टॉवेल दोरीवर घाला आणि बघा. ट्रेडमिल भिंतीकडे तोंड करून ठेवली असेल तर टीव्हीकडे फिरवा. पंधरा दिवसांत पाच वेळासुद्धा चढला नाहीत तर मग विका, वाईट वाटून घेऊ नका आणि सकाळी रंकाळ्यावर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जा. रंकाळ्याला गेलात तर संध्याकाळी नको, सकाळीच. संध्याकाळी अर्धी फेरी झाली की भेळेच्या गाड्या लागतात आणि उरलेली अर्धी फेरी आपण त्यांच्यासमोर उभं राहून पुरी करतो. मी स्वानुभवानं सांगतोय.

पण त्याच्याही आधी एक काम करा. रक्त तपासा: थायरॉइड, साखर, जमलंच तर हिमोग्लोबिन. रक्तदाब बघा. पाळीच्या तक्रारी असतील तर त्या डॉक्टरांना न लाजता सांगा. तुमच्या उंचीला ७८ किलो हे भारतीयांच्या मोजमापानं लठ्ठपणात मोडतं, हे लपवून उपयोग नाही. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की साखरेकडे आणि हृदयाकडे लक्ष द्यावं म्हणतात. शिंप्याच्या टेपनं मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. थायरॉइड मंद असेल तर १८ हजारांचा शेक त्याला हलवणार नाही, आणि तीन महिने फुकट जातील ते वेगळेच.

आणि किती उतरवायचं? दहा-पंधरा किलोचं स्वप्न बाजूला ठेवा. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर माणसांवर केलेला. एका गटाला लक्ष्य दिलं होतं शरीराच्या वजनाच्या फक्त सात टक्क्यांचं, आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. मेपर्यंत सगळे साडेपाच उतरले नाहीत तर जूनमध्ये उतरतील.

खाण्याचं मी फार सांगणार नाही. रविवारी तांबडा-पांढरा सोडा असं कोल्हापुरात सांगणाऱ्याचं कोण ऐकतं? रस्सा प्या, त्याच्यासोबतचा तिसऱ्यांदा वाढलेला भात तेवढा नको. चहाचं मात्र बघा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. गुळाचा चहा केलात तरी आकडा तोच राहतो, गूळ कितीही कोल्हापूरचा असला तरी. चमचे निम्मे केले तर महिन्याला तीन हजार कॅलरी वाचतात, आणि हे करायला सकाळी उठावंसुद्धा लागत नाही. दिवसातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. आमच्या तालमीतल्या बैठकेची ती धाकटी बहीण. तालमीचं निघालंच म्हणून सांगतो: आपल्याकडे सुटलेले पैलवान गल्लीगल्लीत दिसतात. हजार बैठकांच्या काळात लागलेला खुराक तसाच चालू राहिला, दूध-तूप-बदाम तेच, बैठका तेवढ्या बंद झाल्या. त्यांना बघून कुणी म्हणत नाही की यांनी चुकीचा डबा घेतला.

आता वन्सं. इथं जरा जपून पावलं टाकू.

तपासण्यांचं निमित्त सांगून टाळू नका. 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' हे महिनाभर पुरेल, मग रिपोर्ट येईल आणि वन्संही येतील. पहिला नकार मिस्टरांनी द्यावा. बहीण त्यांची आहे. त्यांनी फोनवर एवढंच म्हणावं, "अक्का, आम्ही डबा घेणार नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस." भावाच्या तोंडून आलं की ते वहिनीचं आगाऊपण ठरत नाही. मग तुम्ही बोला, आणि त्यांच्या सात किलोंचं तोंडभर कौतुक करा, कारण ते त्यांनी स्वतः कमावले आहेत. पावडरीला श्रेय देऊन त्या स्वतःचंच कमी करतायत.

आणखी एक गोष्ट हळूच विचारा: "वन्सं, तुमचे किती अडकलेत?" अशा साखळीत शिरणाऱ्या बहुतेक बायकांनी आधी स्वतःच्या पैशानं माल उचललेला असतो. वरच्या मॅडमना महिन्याचा आकडा दाखवायचा असतो आणि शेवटी डबे भावाच्या, दिराच्या, शेजारणीच्या घरी पोचतात. तुमच्याकडचे १८ हजार हा त्यांच्यासाठी नफा नसेल, सुटकेचा दोर असेल. नुसती माणसं जोडण्याचेच पैसे मिळत असतील तर तो पिरॅमिडचा धंदा झाला, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत त्याला मनाई आहे. हे त्यांना भांडणाच्या सुरात नको, मिस्टरांसमोर शांतपणे सांगा. घरातल्या माणसाला यातून बाहेर काढायला हात द्यावा लागला तर द्या, पण तो डबे विकत घेऊन नको.

त्यांच्या क्लबमध्ये खरं काम करणारी एक गोष्ट आहे, ती मात्र मी तुमच्या जागी असतो तर उचलली असती. सकाळी सात वाजता दहा बायका एका ठिकाणी जमतात, दर आठवड्याला वजन होतं, ते वहीत लिहिलं जातं, आणि एखादी आली नाही तर तिला फोन जातो. पावडर वजा केली तर हे उरतं, आणि याला पैसे पडत नाहीत. तुमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी धरा, शनिवारी सकाळी एका घरी काटा ठेवा, बारा आण्याची वही आणा (बारा आण्याला आता काही येत नाही म्हणा). वन्सं कोल्हापूरला आल्या की त्यांनाच पहिल्यांदा काट्यावर उभं करा, त्यांना आवडेल.

ठेवून गेलेल्या डब्याचं सील फोडलं नसेल तर तो मिस्टरांच्या हाती परत पाठवा. फोडला असेल तर त्या एका डब्याचे पैसे देऊन टाका, घासाघीस नको.

आणि ब्लाउज आत्ताच्याच मापानं शिवायला टाका. शिंप्याला सांगा, शिवणीत दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेव. मेपर्यंत आत घ्यायची वेळ आली तर घेता येईल, आणि लग्नातलं जेवण नीट जेवलात तर सोडताही येईल.

– तुमचे पीटीचे सर